दातांची निगा आणि उपचारांचा खर्च

रायपूरच्या गोल बाजारात किराणा, मसाले, भांडी, पूजेचे साहित्य आणि जडीबुटी यांची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत. दात घासण्याची साधनेही येथे जुनी-नवी सर्व प्रकारची मिळतात: बाभळीची व कडुनिंबाची दातवणे, लाल मंजन, टूथपेस्ट, आणि छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत पोहोचलेली गुडाखूची डबी. यांपैकी कोणती वस्तू पिशवीत पडते, यावर त्या कुटुंबाचा पुढील दहा-वीस वर्षांचा दंतोपचाराचा खर्च पुष्कळ अंशी ठरत असतो.

या बाजारात राबणारे दुकानदार, हमाल, हातगाडीवाले आणि येथे सामान भरावयास येणारी कुटुंबे (भोसल्यांच्या राजवटीपासून या शहरात स्थायिक झालेली मराठी घराणीही त्यांत आली) यांपैकी बहुतेकांना दातांचा खर्च स्वतःच्या गाठीतूनच करावा लागतो. आपल्या देशातील बहुतेक आरोग्यविमे अपघातातील इजा सोडल्यास बाह्यरुग्ण दंतोपचाराचे पैसे देत नाहीत. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे; किडलेली दाढ भरण्याचा खर्च तिच्यातून निघेल अशी अपेक्षा धरू नये. हे कोणास अन्यायाचे वाटेल. परंतु विमा म्हणजे क्वचित कोसळणाऱ्या संकटाचा भार अनेकांनी वाटून घेणे होय. दात किडणे हे क्वचित घडणारे संकट नाही. ते बहुतेक प्रत्येकाच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येते. मात्र त्याची चाल मंद असते, आणि ती वेळीच ओळखता येते. खर्च वाचविण्याची खरी संधी येथेच आहे.

दात कसा किडतो ते पाहू. दातावर जंतूंचा एक चिकट थर सतत साचत असतो. आपण साखर किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ले की हे जंतू त्यांपासून आम्ल तयार करितात. तोंडाचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला म्हणजे दाताचे कठीण आवरण, अर्थात दंतवल्क, विरघळू लागते. पुढे अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निष्प्रभ करिते व गेलेले क्षार काही प्रमाणात परत आणून बसविते. ही झीज आणि ही भरपाई दिवसभर चालू असते. दुकानावर बसून दर तासाला गोड चहा घेणाऱ्या माणसाच्या तोंडात भरपाईस वेळच मिळत नाही. स्वीडनमधील व्हिपेहोम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात हेच दिसून आले, की साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला अधिक महत्त्व आहे. (त्या मनोरुग्णालयातील रुग्णांची संमती न घेता त्यांना चिकट मिठाई खाऊ घालण्यात आली होती, ही त्या अभ्यासाची लाजिरवाणी बाजूही विसरता कामा नये.) म्हणून गोड खावयाचे तर जेवणाबरोबर खावे, दोन जेवणांच्या मध्ये पाणी प्यावे. याला एक पैसाही पडत नाही.

फ्लोराइडमुळे ही भरपाई अधिक बळकट होते. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १००० भाग अशी आहे. पेस्ट विकत घेताना वेष्टनावर फ्लोराइडचा उल्लेख आहे की नाही तेवढे पाहावे. किंमत, रंग किंवा जाहिरात पाहण्याचे कारण नाही. अनेक वनस्पतिजन्य पेस्टींत ते नसते. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी मऊ ब्रशाने दात घासावेत, फेस थुंकून टाकावा, पण नंतर खळखळून चुळा भरू नयेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढील मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दातवणाने थर काही प्रमाणात निघतो, परंतु दाढांच्या आतील बाजूस ते नीट पोहोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात, कारण ते घासून झिजतात.

आता गुडाखू. तंबाखूची पूड, गुळाची काकवी, चुना व गेरू यांचे हे मळलेले मिश्रण बोटावर घेऊन दातांस व हिरड्यांस चोळतात. महाराष्ट्रातील मशेरीची ही सख्खी बहीणच म्हणावी. ती वापरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि तिच्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही अशी समजूतही दृढ आहे. दाताचा ठणका तिने कमी होतो असे सांगतात. काही काळ बधिरपणा येत असेलही. परंतु कीड आत पसरतच राहते, आणि माणूस दंतवैद्याकडे सहा महिने उशिरा जातो. चोळण्याच्या जागी हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे धूरविरहित तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. १९९२ साली भारत सरकारने दंतमंजनांत व टूथपेस्टींत तंबाखू वापरण्यास बंदी केली. गुडाखू मात्र तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जात राहिला. घरातील आजी किंवा काकू ती वापरीत असतील तर त्यांची निर्भर्त्सना करून काही साधत नाही, कारण हे व्यसन आहे. त्यांच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे यांपैकी काही आहे का, हे पाहावे. असल्यास त्याच आठवड्यात तपासणी करवावी.

खर्चाच्या पायऱ्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कीड दंतवल्कापुरती आणि पृष्ठभाग न फुटलेला असेल, तर फ्लोराइडने ती थांबविता येते. ती आतील दंतिनात उतरली की दात भरावा लागतो. दंतमज्जेपर्यंत गेली की मूळ-नलिकांचा उपचार आणि बहुधा वर टोपी बसविणे आले. हा खर्च साध्या भरणीच्या अनेक पट होतो. दात काढणे स्वस्त खरे, परंतु मोकळ्या जागेत शेजारचे दात कलतात, आणि कृत्रिम दात बसविण्याचा खर्च पुढे उभाच राहतो.

एका दाढेविषयी आईबापांची नेहमी फसगत होते. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही; म्हणून तिला दुधाचीच समजून ‘पडणारच आहे’ असे म्हणत दुर्लक्षिले जाते. वास्तविक ती जन्मभराची दाढ आहे. तिच्या खोल खाचा आरंभीच लेपाने बंद करून घेणे हा सर्वांत फायद्याचा दंतखर्च होय.

रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, एम्सचा दंतविभागही आहे. अशा ठिकाणी शुल्क खाजगी दवाखान्यांच्या मानाने पुष्कळ कमी असते; विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करितात, त्यामुळे वेळ अधिक लागतो. ज्याची रोजी बुडते त्याने तो वेळही हिशेबात धरावा आणि बाजार मंद असेल असा दिवस निवडावा. खाजगी वैद्याकडे गेल्यास उपचारांची यादी व प्रत्येकाचा खर्च लिहून मागावा. कोणता दात तातडीचा आहे, कोणता तीन महिने थांबू शकतो, हे विचारण्यात संकोच कसला? प्रथम वेदना व पू, मग वाढती कीड, आणि शेवटी शोभा, असा क्रम लावल्यास खर्च हप्त्याहप्त्याने पेलता येतो. किडलेला भाग हातहत्याराने खरवडून त्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत यंत्राविना चालते. हे सिमेंट आणि कीड रोखणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. दुसऱ्याने किडलेला भाग काळा पडतो; मागच्या दाढेस त्याचे फारसे काही बिघडत नाही.

रस्त्याकडेला बसून तासाभरात ‘पक्के’ दात लावून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. कायद्यानुसार नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच हा व्यवसाय करता येतो. हिरडीवर थापलेल्या त्या प्लॅस्टिकखाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

दाताच्या दुखण्यात पैशाचा विचार बाजूस ठेवावा असा एक प्रसंग असतो. जबड्याखाली कठीण सूज आली, ताप चढला, गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास कोंडू लागला, तर संसर्ग मानेत उतरत आहे असे समजावे. दुकानातून वेदनाशामक गोळी किंवा उरलेले प्रतिजैविक घेऊन रात्र काढण्यात जीव जाऊ शकतो. त्याच घटकेस मोठ्या इस्पितळाचा अपघात-विभाग गाठावा.