इच्छा घरच्यांच्या कानावर घाला

आपल्याकडे घरात मरणाचा विषय काढला, की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून लगेच गप्प केले जाते. त्यामुळे कित्येकांची अवयवदानाची इच्छा पाकिटातल्या कार्डातच राहून जाते. कार्ड भरलेले असले, तरी प्रत्यक्ष वेळी संमती विचारली जाते ती जवळच्या नातेवाइकांना. त्यांना काही ठाऊकच नसेल, तर दुःखाच्या त्या घडीला ते काय सांगणार?

नेत्रदान आणि अवयवदान यांत फरक आहे. घरी, नैसर्गिक मृत्यू आला तरी नेत्रदान करता येते. मात्र ते साधारण सहा तासांच्या आत व्हायला हवे. नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा. पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. नेत्रपेढीचे पथक घरी येते. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीही खोळंबत नाहीत. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या व्यक्तीचेही नेत्रदान होऊ शकते. एकाच्या डोळ्यांतील पारपटलांमुळे दोघांना दृष्टी मिळू शकते.

हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांची गोष्ट वेगळी. अपघात किंवा मेंदूतील रक्तस्रावाने मेंदूचे कार्य कायमचे थांबते, पण कृत्रिम श्वासोच्छ्वासामुळे हृदय काही काळ चालू राहते. हा मेंदूमृत्यू. कोमा निराळा, कोमातला रुग्ण बरा होऊ शकतो, मेंदूमृत्यूनंतर कोणीही परत येत नाही. छाती वरखाली होताना दिसते, अंग उबदार लागते, म्हणूनच घरच्यांना हे पटणे फार कठीण जाते.

इथे कायदा पाठीशी आहे. 1994 च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ मेंदूमृत्यूची खात्री करते. सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या होतात. अवयवाचे रोपण करणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही आणि अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

तेव्हा कार्ड जरूर भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या रविवारी सगळे जेवायला एकत्र बसले, की पती, मुले, सासू-सासरे सर्वांसमोर आपली इच्छा स्पष्ट सांगा. त्यांचीही विचारा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर फोनजवळ लिहून ठेवा. उद्या निर्णयाची वेळ आलीच, तर ‘त्यांचीच तशी इच्छा होती’ एवढे एक वाक्य घरच्यांना मोठा आधार देईल.