विद्यार्थिनी मंडळे, शालेय

मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी शिक्षिकांच्या देखरेखीखाली, परंतु शक्यतो स्वतःच्या पुढाकाराने चालविलेल्या अभ्यासपूरक संघटना. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इतिहास व भूगोल मंडळे, कलामंडळ, क्रीडामंडळ, गाइडपथक आणि विद्यार्थिनी मंत्रिमंडळ ही त्यांची सामान्यतः आढळणारी रूपे होत. मुलांच्या शाळांतही अशी मंडळे असतात; तथापि मुलींच्या शाळेत त्यांचे कार्य काहीसे निराळे आहे. चारचौघांत बोलणे, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब देणे, मतभेद मिटविणे यांचे शिक्षण मुलग्यांना तालीम, गणेशोत्सव मंडळ, चौकातील सभा यांतून शाळेबाहेरही मिळत आले. मुलींना ते दीर्घकाळ प्रायः शाळेच्या आवारातच मिळू शकत होते. त्यामुळे ज्याला अभ्यासेतर म्हणतात, तेच पुष्कळदा त्यांच्या शिक्षणाचे सर्वांत सार्वजनिक अंग ठरले.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील मुलींच्या शाळांचा इतिहास पुण्याच्या बुधवार पेठेशी निगडित आहे. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८४८ मध्ये याच पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) तेथे शिकवू लागल्या. ती काही काळाने बंद पडली. पुढे ३ जुलै १८५१ रोजी त्याच पेठेतील चिपळूणकर वाड्यात दुसरी शाळा निघाली आणि नंतर रास्ता पेठ व वेताळ पेठ येथेही शाळा उघडण्यात आल्या. या शाळांत आजच्या अर्थाने मंडळे नव्हती. मात्र त्यांच्या परीक्षा जाहीरपणे, नगरवासीयांसमक्ष घेतल्या जात. मुलीने लोकांपुढे उभे राहून उत्तर देणे, ही त्या काळात केवळ ज्ञानाची नव्हे, तर धैर्याचीही परीक्षा होती. अशा एका प्रसंगी बक्षीस म्हणून खाऊ वा खेळणी नकोत, शाळेला ग्रंथालय द्यावे, अशी मागणी एका विद्यार्थिनीने केल्याचे सांगितले जाते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय पत्रात प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलीने स्वतःच्या समाजाची स्थिती स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे ते मराठीतील अतिशय महत्त्वाचे प्रारंभीचे उदाहरण होय. विद्यार्थिनींच्या लेखनाचा विचार करताना हा निबंध कसोटी म्हणून समोर ठेवणे प्रस्तुत लेखिकेला योग्य वाटते.

मुंबईत क्रम काहीसा उलटा दिसतो : तेथे विद्यार्थ्यांच्या मंडळानेच मुलींच्या शाळा काढल्या. एल्फिन्स्टन संस्थेत १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मराठी व पारशी मुलींसाठी वर्ग उघडले. दादाभाई नवरोजी आदी तरुण सभासद आपला वेळ काढून विनावेतन तेथे शिकवीत.

पंडिता रमाबाई यांनी १८८२ मध्ये पुण्यात स्थापिलेल्या आर्य महिला समाजाने स्त्रियांच्या सभेची प्रथा दृढ केली. १८८४ मध्ये महाराष्ट्र स्त्री-शिक्षण मंडळींनी पुण्यातच मुलींचे हायस्कूल सुरू केले. पेशव्यांच्या पागेच्या जागेवरील हे विद्यालय ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखले जाते. मुलींना मुलांप्रमाणेच इंग्रजी इत्यादी विषय शिकवावेत काय आणि त्यांना अकरा ते पाच शाळेत गुंतवून ठेवावे काय, यावर केसरीने कठोर टीका केली. शाळेचे तासच जेथे वादग्रस्त होते, तेथे शाळा सुटल्यावर मुलींनी सभेसाठी वा खेळासाठी थांबणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. हे थांबणे रूढ होण्यास वसतिगृहांचे मोठे साहाय्य झाले. वसतिगृहातील मुलींना संध्याकाळ स्वतःची असे व भजन, वाचन, नाट्यप्रवेश यांची हौस तेथे निर्वेधपणे भागविता येई. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांची हिंगणे येथील संस्था आणि रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या पुढाकाराने वाढलेले पुणे सेवासदन (१९०९) यांनी या सामुदायिक जीवनाला सेवाकार्याची जोड दिली.

वाङ्मय मंडळ : जुन्या मराठी शाळांत हे मंडळ बहुधा सर्वांत चैतन्यशील असे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वर्गावर्गांतून प्रतिनिधी निवडले जात. एक शिक्षिका अध्यक्ष व वरच्या वर्गातील विद्यार्थिनी चिटणीस होई. शनिवारच्या शेवटच्या तासाला कथाकथन, काव्यवाचन, वादविवाद इ. कार्यक्रम होत आणि चिटणीस पुढील सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवी. मंडळाचे खरे वैभव म्हणजे हस्तलिखित वार्षिक. आलेल्या लेखांची निवड करणे, शुद्धलेखन तपासणे, सुवाच्य अक्षराच्या मुलींकडून ते उतरवून घेणे, चित्रकलेत गती असलेल्या मुलींकडून पानांच्या चौकटी रंगविणे, बांधणी करून घेणे आणि स्नेहसंमेलनात त्याचे प्रकाशन करणे, हे काम महिनोन्‌महिने चाले. बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक हा पुण्यातील पुस्तकांचा व शालेय साहित्याचा बाजार. वही, बोरू, रंग आणि पुठ्ठा यांसाठी शहरातील कितीतरी शाळांच्या फेऱ्या तेथे होत असत. एका हस्तलिखिताची एकच प्रत असल्याने ते वर्गावर्गांतून फिरे आणि कडा झिजल्यावर कपाटात जाई. फळ्यावरचे वा भिंतीवरचे भित्तिपत्रक हे त्याचे अल्पायुषी भावंड होय.

वक्तृत्वाच्या बाबतीत एक दोष सर्वत्र आढळतो. भाषण शिक्षिका वा पालक लिहून देतात, मुलगी ते पाठ करते आणि हातवाऱ्यांसह म्हणून दाखविते. बक्षीस मिळते, पण ओळ विसरली की मुलगी थबकते, कारण विचार तिचा नसतो. तरीही या पद्धतीला सरसकट निरर्थक म्हणता येणार नाही. रमाबाई रानडे यांचे नाशिकच्या हायस्कूलमधील पहिले जाहीर भाषण न्यायमूर्ती रानडे यांनीच लिहून दिले होते. पुढे त्या स्वतंत्रपणे प्रभावी व्याख्याने देऊ लागल्या. लिहून दिलेले भाषण ही पहिली पायरी असावयास हरकत नाही; दहावीपर्यंत मुलगी त्याच पायरीवर उभी राहिली, तर मात्र मंडळाचे काम फसले असे समजावे.

भोंडला : आश्विनात शाळांतून होणारा भोंडला अथवा हादगा कोणत्याही मंडळाच्या घटनेत लिहिलेला नसतो, पण मुलींच्या शाळेतील तो सर्वांत सहज असा सामुदायिक उपक्रम आहे. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याची पूजा करतात व त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. यात वक्ता व श्रोता असा भेद नसतो. सभेत कधीही तोंड न उघडणारी मुलगी फेरात मोकळेपणी गाते. अनुभवी शिक्षिका अशा मुली याच दिवशी हेरून ठेवतात.

विज्ञान, खेळ व गाइड : १९६० नंतरच्या दशकात हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमात भेद करू नये, असे मत मांडले. तत्पूर्वी मुलींच्या शाळांत शिवण, पाकक्रिया व गृहशास्त्र यांचे प्राबल्य होते आणि विज्ञान मंडळे त्यामानाने दुबळी होती. विज्ञान मंडळाच्या कामात एक व्यावहारिक अडचणही असे. आकाशदर्शन रात्री होते. त्यासाठी पालकांची संमती, सोबत थांबणाऱ्या शिक्षिका व मुलींना घरी पोहोचविण्याची व्यवस्था, एवढे जमले तरच शनीची कडी दिसत. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी संस्था जवळ असूनही काही शाळांना हे क्वचितच साधे. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जाऊ लागल्यावर प्रदर्शनांना नियमितपणा आला. १४ जानेवारीच्या भूगोल दिनाने भूगोल मंडळांनाही तसेच निमित्त मिळाले.

खेळांत लंगडी, खो-खो व लेझीम यांना थोडी मोकळी जागा पुरे. म्हणूनच पेठांतील अरुंद आवारांत ते टिकले. गाइडपथके भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेशी संलग्न असून लहान मुलींसाठी ‘बुलबुल’ हा विभाग आहे. त्यांच्या ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुली छोटी कामे करून पैसे मिळवितात व त्यांचा हिशेब ठेवतात. घरात जे काम बिनमोल धरले जाते, त्याचा मोबदला घेण्याचा हा मुलीचा अनेकदा पहिलाच अनुभव असतो.

मंत्रिमंडळ : मतपत्रिका, उमेदवारी, प्रचार व मतमोजणी यांसह होणारी निवडणूक हा नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ होय. व्यवहारात मात्र ‘हुशार व शांत’ मुलीची नेमणूक करून शाळा मोकळी होते. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाने पाण्याची टाकी, स्वच्छतागृहे किंवा ग्रंथालयाची वेळ यांबद्दल मागणी केल्यावर मुख्याध्यापिका काय करतात, यावरून ते खरे की शोभेचे, हे ठरते. मिश्र शाळांत अध्यक्षपद मुलाकडे व रांगोळी मुलींकडे अशी वाटणी आजही दिसते.

सद्यःस्थिती : माध्यमिक शिक्षण (मुदलियार) आयोग (१९५२–५३) व कोठारी आयोग (१९६४–६६) यांनी पाठ्यपुस्तकापलीकडील उपक्रमांना व सेवाकार्याला शिक्षणात स्थान दिले. तरीही दहावीच्या वर्गाला मंडळांतून वगळण्याची प्रथा रूढ झाली व शिकवण्यांनी उरलेली संध्याकाळ व्यापली. मुलींच्या सहभागासाठी उच्च प्राथमिक शाळांत चालविलेला मीना राजू मंच हा अलीकडील प्रयत्न होय. सावित्रीबाईंचा जन्मदिन, ३ जानेवारी, राज्यातील शाळांत बालिका दिन म्हणून पाळला जातो.

भिडे वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी महानगरपालिकेच्या ताब्यात आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तेथील मोडकळीस आलेली वास्तू पाडण्यात आली. शाळांच्या कपाटांतील हस्तलिखिते व इतिवृत्तांच्या वह्या यांची अवस्थाही बऱ्याच ठिकाणी जीर्ण आहे. त्यांतील लेखांखाली मुलींची नावे, इयत्ता व तुकडी दिलेली असते आणि सभेत कोणी कोणता प्रश्न विचारला याच्या नोंदी असतात. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासासाठी अहवालांइतकेच मोल असलेली ही साधने अद्याप पद्धतशीरपणे संकलित व्हावयाची आहेत.