गुणांची धास्ती कशाला?

डोणगावसारख्या गावातला विद्यार्थी अमेरिकेत शिकण्याचे मनात आणतो आणि जीआरईचे गुण कमी पडतील या धास्तीने अर्जच भरत नाही. आमच्या मते हीच खरी हानी होय.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या आकड्यावरून पुढचा विद्वान कोणाला ओळखता आला असता? १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ साली एम. ए. झाले.

जीआरईत भाषा व गणिताला प्रत्येकी १३० ते १७० गुण असतात. परीक्षा पुन्हा देता येते आणि गुण पाच वर्षे चालतात. कित्येक विभागांनी ही अटच काढली आहे. पदवीचे गुण, शिफारसपत्रे व उद्देशपत्रही पाहिले जाते. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुधा द्यावी लागते.

खर्चासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी व मुदत आधी नीट वाचावी.

बँकेत आम्ही रोज पाहतो : चुकलेली स्लिप दुरुस्त करता येते, न भरलेल्या स्लिपवर पैसे मिळत नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरा!