थंडीतली माहूरवारी आणि उपाशी पोट

मागच्या आठवड्यात आमचे एक जुने रुग्ण, निवृत्त गुरुजी, दवाखान्यात आले. तक्रार काहीच नव्हती. रक्तदाब मोजून झाला, साखरेचा रिपोर्ट दाखवून झाला, मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शुक्रवारी पुण्याहून मुलगा येतोय. शनिवार-रविवार सगळे मिळून कुठंतरी डोंगरात जाऊन यावं म्हणतो. सूनबाई म्हणते महाबळेश्वर, मी म्हणतो माहूर. तुम्ही काय म्हणता?"

मी गुरुजींच्या बाजूने मत दिले. सोनपेठहून महाबळेश्वर गाठायचे तर दोन दिवसांतला निम्म्याहून जास्त वेळ गाडीतच जायचा. चिखलदरा देखणे आहे, शेजारी गाविलगडासारखा किल्लाही आहे. पण तेही पार सातपुड्यात. माहूरला मात्र गंगाखेड-नांदेड करून किनवटच्या बाजूने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचतो. रेल्वेने जाणाऱ्याला किनवट स्थानक जवळचे. गाव लहान, सभोवती सागाचे डोंगर, डोंगरावर रेणुकामातेचे मंदिर, पलीकडे दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर, शिवाय जुना किल्ला आणि कोरलेली लेणी. दोन दिवसांना एवढे पुरे.

"मग स्वेटर, मफलर घेतो बरोबर," असे म्हणून गुरुजी उठायला लागले. मी त्यांना पुन्हा बसवले. स्वेटरची काळजी सगळेच घेतात. मला विचारायचे होते ते वेगळेच. "गुरुजी, गडावर चढायच्या आधी तुम्ही काय खाणार?"

गुरुजी हसले. "दर्शन झाल्याशिवाय कसं खायचं?"

वाचकहो, आजचा लेख या एका उत्तरासाठी आहे.

थंड हवेच्या ठिकाणांचा आणि डॉक्टरांचा संबंध तसा जुना. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत उभी केली ती आजारी गोऱ्या साहेबांना विश्रांती मिळावी म्हणून. पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत क्षयावर नेमके औषध नव्हते. चांगली हवा, दूध-अंडी आणि विश्रांती एवढाच इलाज डॉक्टरांच्या हातात होता. तेव्हापासून 'हवापालट' हा शब्द आपल्या तोंडी बसला. आता क्षय गोळ्यांनी बरा होतो, हवेने नाही. तरीही हवापालटाने मन हलके होते, झोप सुधारते, घरातली माणसे एकमेकांशी दोन शब्द बोलतात, हे मी रोज पाहतो. म्हणून कोणी सहलीचे विचारले की मी सहसा नाही म्हणत नाही.

डोंगरावर हवा विरळ होते, दम लागतो, असे काही जण घाबरवतात. हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर तो प्रश्न खरा असतो. माहूरची उंची त्या मानाने फारच कमी. तिथे दम लागतो तो पायऱ्यांमुळे. आणि थंडीचे म्हणाल तर आपल्याला तिचे कौतुक नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच. वेळ अमावास्येला पहाटे शेतावर गेलेल्याला विचारा.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही थोडी लाज वाटते.

डिसेंबर २०११. अक्का आणि दाजी आमच्याकडे आले होते. आई तेव्हा होती. आईच्या हट्टाने आम्ही सातजण जीप करून माहूरला गेलो. रात्री उशिरा पोहोचलो, थकव्याने जेवण कोणालाच गेले नाही. सकाळी लवकर दर्शन उरकले की गर्दी लागत नाही, म्हणून पहाटे पाचला उठलो. दाजींना मधुमेह आणि रक्तदाब. आदल्या रात्री गोळ्या विसरल्या म्हणून मीच त्यांना आठवण केली होती, "दाजी, सकाळची चुकवू नका हं." दाजींनी शहाण्यासारखी मधुमेहाची गोळी घेतली, रक्तदाबाची घेतली, वर कपभर बिनसाखरेचा चहा घेतला. आणि निघाले.

रेणुकामातेच्या मंदिराला सुमारे अडीचशे पायऱ्या आहेत. निम्म्या वाटेवर दाजी बसले. अंगावर शाल, बाहेर बोचरी थंडी, आणि कपाळावरून घामाच्या धारा. अक्काने विचारले, "काय होतंय हो?" तर तिच्यावरच खेकसले. दाजी कधी कोणावर आवाज चढवत नाहीत. मग ते भलतेच बोलू लागले. मला म्हणाले, "बैल सोडलेत का?" दाजी महसूल खात्यात कारकून होते, बैल त्यांनी जन्मात कधी सोडले नव्हते.

मी डॉक्टर. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हृदयविकाराचा, आणि मी त्यांच्या नाडीला धरून बसलो. नाडी संथ, ठीक. पाच मिनिटे त्यात गेली. आई चार पायऱ्या खाली होती, ती वर आली आणि म्हणाली, "अरे, त्यानं कालपासून काही खाल्लंय का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका दुकानदाराकडून नारळासोबत ठेवलेली खडीसाखर घेतली, कुटून पाण्यात विरघळवली आणि दाजींना घोट घोट पाजली. गिळता येत होते हे नशीब. दहा-पंधरा मिनिटांत दाजी भानावर आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर, तू घरच्या माणसालाच मारतोस का रे?"

दाजींच्या अंगात काय चालले होते ते समजून घेण्यासारखे आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. पोटात अन्न आहे की नाही हे गोळीला कळत नाही. ती आपले काम करतच राहते. आदल्या रात्रीचे जेवण नाही, सकाळची न्याहारी नाही. त्यात चढण. चढताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या आणि साखर सत्तरच्या खाली गेली. मेंदूला साखरेवाचून चालत नाही, म्हणून चिडचिड, भ्रम, असंबद्ध बोलणे. बघणाऱ्याला वाटते माणूस थकला किंवा प्यायला आहे.

त्यातही एक पेच होता. साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात. ही शरीराची धोक्याची घंटा. दाजींना रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल चालू होते. त्या जातीच्या गोळ्या धडधड आणि कंप झाकून टाकतात. घाम मात्र झाकत नाहीत. थंडीत, शाल पांघरलेल्या मधुमेही माणसाला दरदरून घाम फुटला तर आधी साखर द्या, चर्चा मागाहून करा. साखर मोजायचे छोटे यंत्र जवळ असेल तर उत्तमच, पण यंत्र शोधण्यात वेळ घालवू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यातून, किंवा गूळ, किंवा ग्लुकोजची पूड. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. माहूरला ग्रामीण रुग्णालय आहे.

आणि शुद्धीवर आला म्हणजे झाले असेही नाही. या गोळ्यांचा परिणाम दिवसभर टिकतो. साखरेचे पाणी तासाभरात संपते आणि माणूस पुन्हा घसरतो. म्हणून सावरल्यावर लगेच पोटभर खायला घालावे, त्या दिवशी एकटे सोडू नये, गाडी चालवू देऊ नये. दाजींना आम्ही तिथेच पायरीवर बसवून घरून आणलेल्या धपाट्या चारल्या. दर्शन त्यांनी दुपारी घेतले.

देवीला उपाशीपोटी भेटावे हा भाव माझ्या आईचाही होता. त्या भावाबद्दल मला काही म्हणायचे नाही. त्या दिवशी मात्र आईच दाजींना म्हणाली, "तू खा. आई लेकराला उपाशी बघत नसते." तरीही ज्यांना उपास मोडायचाच नाही, त्यांनी निघण्याच्या चार दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारून त्या सकाळच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे ठरवून घ्यावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करणे हा उपाय नव्हे. तसे करून साखर चारशेवर नेलेले लोकही माझ्याकडे येतात.

गुरुजींना दुसरी गोष्ट मी विचारली ती जिन्याची. त्यांच्या मुलाचे पुण्यातले घर तिसऱ्या मजल्यावर. "लिफ्ट बंद असली तर न थांबता वर जाता का?" म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर टेकतो." कशाने टेकता? गुडघ्याने की दमाने? गुडघ्याने असेल तर काठी घ्यावी, आणि गुडघा चढण्यापेक्षा उतरताना अधिक दुखतो हे लक्षात ठेवून उतरायला दुप्पट वेळ ठेवावा. छातीवर दाब येतो, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते, म्हणून थांबावे लागत असेल तर गड राहू द्या, आधी ई.सी.जी. काढा. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके पहाटेपासून सकाळच्या प्रहरात जास्त येतात, हेही आम्हा डॉक्टरांना परिचयाचे. तेव्हा साठीच्या पुढच्यांनी पहाटेच्या दर्शनाचा आग्रह सोडावा. नऊ-दहाला, ऊन अंगावर आल्यावर चढावे. गर्दी थोडी जास्त असेल, असू द्या. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची तर फारच मोठी गर्दी असते. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर तो आठवडाच टाळलेला बरा.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल एकच सांगतो, पण ते फार महत्त्वाचे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचेही तसेच. वरची झरोक्याची खिडकी उघडी असल्याशिवाय त्यात अंघोळ करू नये. दोन घोंगड्या जास्त मागून घ्या. लॉजवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या.

रविवारी सकाळी कार्यक्रम हलका ठेवावा. रामगड म्हणून ओळखला जाणारा माहूरचा किल्ला बघण्यासारखा आहे, पण सगळा तटबंदीचा फेरा मारायलाच पाहिजे असे नाही. पांडव लेणी गावाजवळच, सपाट वाटेवर. आजीआजोबांना तिथे नेता येते. राष्ट्रकूटांच्या काळातली ही लेणी अपुरीच राहिली. पुराणवस्तू संग्रहालयही आहे. मातृतीर्थावर थोडा वेळ शांत बसावे. परशुरामाने आईचे अंत्यविधी इथे केले अशी कथा आहे, आणि ज्यांची आई गेली आहे त्यांना तिथे बसल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

परतताना बरेच जण किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला वळतात, पैनगंगेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत तिथे. गंधकाच्या पाण्याने खाज शमते, हे खरे. पण त्या भरवशावर त्वचारोगाची औषधे थांबवू नयेत. आणि मधुमेहाने ज्यांचे तळपाय बधिर झालेत त्यांनी पाय बुडवण्याआधी दुसऱ्या कोणाला पाणी हाताने बघायला सांगावे. त्यांना चटका कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो.

हे सगळे गुरुजींनी माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे शिक्षकी अक्षरात लिहून घेतले. शनिवार: निघताना पोहे. नांदेडला उतरून पाय मोकळे करणे. माहूरला दुपारचे जेवण, विश्रांती, संध्याकाळी लेणी. रविवार: भाकरी-पिठले खाऊन, नऊनंतर गड. खिशात खडीसाखर, आणि ती सूनबाईकडेही. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"डॉक्टरसाहेब, देवीचा तांबूल साखरेला चालतो का?"

"प्रसादापुरता," मी म्हटले. "आणि गुरुजी, माझ्यासाठीही थोडा आणा."