सेवाग्राममधला संवाद

कार्यालयात सूचनाफलक भरलेला असतो, व्हॉट्सॲप गटावर संदेशांचा पाऊस पडतो, तरी ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ ही तक्रार संपत नाही. निरोप सुटला म्हणजे तो पोचलाच, असे आपण गृहीत धरतो.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, तेव्हा तिथले टपाल चुकून शेगावला जाई. त्यामुळे १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमाच्या कार्यालयात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी थेट बोलण्यासाठी टेलिफोनही होता. पण आतला कारभार फोनवर चालत नव्हता. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होई आणि सगळे आश्रमवासी एकत्र बसत. सोमवारी गांधीजींचे मौन असे. काही सांगायचे तर ते चिठ्ठीवर लिहीत. आठवड्यातून एक दिवस साहेबांनी फक्त ऐकायचे, हा नियम आजच्या कंपन्यांना परवडेल का, शंकाच आहे!

याच गावात डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे नवे विद्यार्थी आधी पंधरवडाभर आश्रमात राहतात. खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना हे सारे तेव्हाच अंगवळणी पडू लागते. पुढे प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांकडे तिथली काही कुटुंबे सोपवली जातात. संस्थेची शिस्त परिपत्रकातून कळते; ती का आहे, हे मात्र झाडू हातात घेतल्यावर उमगते. सक्ती झाली की हाच रिवाज कोरडा होतो, हेही खरे. म्हणून वरिष्ठ प्राध्यापकही श्रमदानाला येतात की नाही, यावर विद्यार्थ्यांची बारीक नजर असते.