ताग कापायचा नाही, चेचायचा

तागाचं हिरवळीचं खत आपल्यातल्या पुष्कळजणी करतात. काहीजणी त्याला बोरू म्हणतात. फुलावर आला की नांगरून गाडतो. पण त्यात ट्रॅक्टरचं भाडं जातं, आणि वाख रोटाव्हेटरला गुंडाळला की ड्रायव्हरची बोलणी वेगळीच. वर जमीन उघडी पडते, ओल उडते, पुन्हा तण. मग खुरपं कुणाच्या हाती येतं, ते मी काय सांगू!

दुसरा मार्ग असा, की ताग आडवा पाडायचा आणि खोड जागोजागी चेचायचं. मुळं जमिनीतच राहतात, वर चटई पसरते. चेचलेल्या खोडातून पाणी नीट वर चढत नाही, म्हणून झाड उभ्या मुळांवरच वाळतं. दक्षिण ब्राझीलमधले छोटे शेतकरी यासाठी जनावरांनी ओढायचा, पात्यांचा रूळ वापरत आले आहेत. तसा रूळ आपले सुतार-लोहार करू शकतात.

बाभळीचा सरळ ओंडका घ्या, चार फूट लांब, फूटभर जाड. दोन्ही टोकांना लोखंडी कडी ठोका, म्हणजे तडकणार नाही. मधोमध लोखंडी आस बसवा. आता पाती. दोन इंची लोखंडी अँगलचे दोन-दोन फुटांचे चौदा तुकडे करा. ओंडक्यावर सव्वापाच इंचांवर सात ओळी आखा, सुताराकडून चपट्या तासून घ्या आणि जाड स्क्रूनं अँगल आवळा. एक बाजू उभी राहील, तेच पातं. उजव्या अर्ध्या भागातल्या ओळी डावीकडच्यांच्या मध्ये येऊ द्या. सगळी पाती एकदम आपटली तर बैलांच्या खांद्याला हिसके बसतात. वर चौकट, चौकटीला दांडी, दांडीला जू. वजन कमी वाटलं तर चौकटीवर वाळूची पोती बांधा, माणूस बसवू नका.

तेलाचा रिकामा पिंप वेल्डिंग करून घेऊ, असं कुणी म्हणेल. नको. आत राहिलेल्या वाफेला ठिणगी लागली की पिंप फुटतो, जीव जातो. ओंडकाच बरा.

पात्याला धार मात्र लावू नका. आमच्या गटानं हौसेनं लावली होती. ताग छान कापला गेला, आम्ही खूश! पंधरवड्यात बुडख्यांतून पुन्हा फुटवे. ताग चेचला, पण तुटला नाही, असंच व्हायला हवं. थोडं चालवून खोड उचलून बघा: सात-सात इंचांवर चपटं, मुरडलेलं दिसलं पाहिजे.

वेळही तितकीच महत्त्वाची. जूनच्या पावसावर पेरलेला ताग साधारण ऑगस्टमध्ये फुलतो. निम्म्या झाडांना फूल दिसलं की रूळ फिरवा. आधी फिरवला तर ताग पुन्हा उठतो, शेंगा भरल्यावर फिरवला तर तोच पुढे तण होतो. चिखलात फिरवू नका, खोड मऊ मातीत दबतं, चेचलं जात नाही. वाफसा येऊ द्या. पेरणी दाट हवी, एकरी वीस-पंचवीस किलो बी, नाहीतर चटई विरळ पडते आणि फटींतून तण निघतं. हराळी आणि लव्हाळा या चटईला भीत नाहीत, ते आधी खणून काढा.

रब्बीचा हरभरा या चटईतच काठीनं भोक पाडून टोकता येतो. ओंडका मात्र पावसात उघडा ठेवू नका, गोठ्यात ठेवा.