नव्या वसाहती आणि निसर्गाची भरपाई

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा परिसर वैनगंगेच्या खोऱ्यात वसला आहे. धानाच्या बांध्या, तलाव आणि सोनेवानीचे वन ही येथील संपत्ती होय. लोकवस्ती वाढते तशी घरांना जागा लागते, आणि घरे उभी राहिली की तेथील झाडे, गवत व पक्षी यांचा आसरा नाहीसा होतो. ही हानी अन्यत्र भरून काढता येईल काय, हा विचार महत्त्वाचा आहे.

इंग्लंडमध्ये २०२४ साली मोठ्या गृहप्रकल्पांवर, मूळच्यापेक्षा किमान १० टक्के अधिक जैवविविधता निर्माण करण्याचे बंधन लागू झाले. त्याच जागेवर ते शक्य नसल्यास दुसरीकडील अधिवास सुधारता येतो. मात्र त्याची निगा ३० वर्षे राखावी लागते. आपल्याकडे घरबांधणीसाठी असा सर्वसाधारण नियम नाही, तथापि हे तत्त्व अपरिचितही नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्यान्वये वनजमीन अन्य कामी दिल्यास पर्यायी वनीकरण करावे लागते. त्यासाठी २०१६ च्या कायद्याने स्वतंत्र निधीची तरतूद केली. शेजारच्या महाराष्ट्रात, २०२१ च्या सुधारणेनुसार, शहरी भागातील वृक्ष तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात.

परंतु केवळ रोपांची संख्या म्हणजे भरपाई नव्हे. बालाघाट व गोंदिया जिल्ह्यांतील सारस पक्षी धानाच्या बांध्यांत व तलावांकाठी वावरतो, पाणथळ जागी घरटे करतो. त्याची पाणथळ बुजवून माळावर हजार सागवान लावले, तरी सारसाला घर मिळत नाही. पाणथळीची भरपाई पाणथळीनेच व्हावयास हवी. भंडारा-गोंदियातील काही जुन्या मालगुजारी तलावांत ग्रामस्थांनी बेशरमाची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. हे कार्य अनुकरणीय आहे.

म्हणून भरपाईची जागा शक्यतो त्याच खोऱ्यात असावी, वनस्पती स्थानिक असाव्यात आणि देखभाल कोण व किती वर्षे करणार, हे आधीच ठरावे. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. कागदावर पडीक दिसणारी जमीन पुष्कळदा गावाचे चराऊ रान असते. तेथेच मोहफुले व तेंदूपाने मिळतात. पर्यायी वनीकरण निधीच्या २०१८ च्या नियमांत ग्रामसभेशी विचारविनिमयाची तरतूद आहे. ग्रामस्थांनी सभेस उपस्थित राहून आपले म्हणणे नोंदवावे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील वृक्ष, पक्षी व तलाव यांची नोंद करवून घ्यावी. काय होते याची नोंद असेल, तरच काय परत मिळाले पाहिजे हे सांगता येईल.